भोईवाड्यातलं फ्रेंच

फ्रेंच शिकवून पोट भरता येतं यावर गिरगावात कुणाचा विश्वास बसत नसे. शेजारच्या काकू माझ्या आईला विचारायच्या, "तुमची कुमुद शाळेत जाते ते दिसतं, पण शिकवते काय?" आई 'फ्रेंच' म्हणताना आवाज जरा खाली घ्यायची, जणू काही मी नाटकात काम करत होते.

आमच्या मुलींच्या शाळेत संस्कृतच्या रूपांना घाबरलेल्या मुली फ्रेंच घेत आणि दोन महिन्यांनी फ्रेंचच्या क्रियापदांना घाबरत. मी स्वतः फ्रान्स कधी पाहिला नाही. माझं सगळं फ्रेंच खोताच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती मास्तरांकडून आणि कॉलेजातून आलेलं. पण शब्द डोक्यात कसे राहतात हे मात्र मी वर्गात पाहून शिकले, आणि तेच पुढे भोईवाड्यात माझ्या उपयोगी पडलं.

वर्गात आमचा एक खेळ असे. पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर मी एकेक शब्द लिहायची, काही खरे, काही माझ्या मनचे. पत्ता दाखवला की मुलींनी फक्त सांगायचं, असा शब्द आहे की नाही. अर्थ विचारायचा नाही. रोजच्या वापरातला शब्द आला की हात झटकन वर. क्वचित भेटणारा आला की हात रेंगाळत. यात नवल काही नाही. नवल पुढे होतं. 'ले' म्हणजे दूध आणि 'लेतिए' म्हणजे दूधवाला. दूधवाला धड्यात एकदाच येऊन गेलेला, पण दूध पन्नास वेळा आलेलं, म्हणून दूधवाल्यालाही हात लवकर वर जात. घरातलं एक माणूस ओळखीचं असलं की त्याच्या चुलतभावालाही आपण दार उघडतो, तसंच. नुसतं तोंड सारखं असून चालत नाही बरं का. 'कोर्बेय' म्हणजे टोपली आणि 'कोर्बो' म्हणजे कावळा. दिसायला सख्खे, पण नातं काही नाही. टोपली कितीही ओळखीची असली तरी कावळ्याला तिची मदत होत नसे.

मुळाचा शब्द पक्का असेल तर फांदीचा शब्द सोपा जातो, असा माझा साधा नियम होता. मी तो वर्षानुवर्षं मुलींना सांगत आले होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची ती वर्षं. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा अश्रुधूर. शाळा कधी भरे, कधी नाही. अशाच एका बंद दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे भाऊ, डॉक्टर कर्णिक, आमच्याकडे आले. परळच्या एका हॉस्पिटलात ते काम करत.

"बाई, एक पेशंट आहे. फ्रेंच बोलतो. आम्हाला कुणाला कळत नाही."

"गोरा आहे का?"

"छे हो. सावंत आडनाव. भोईवाड्यात राहतो."

वामनराव सावंत एका फ्रेंच जहाज कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसात कारकून होते. पोरवयात तिथे लागले आणि पत्रांच्या नकला करता करता फ्रेंच शिकले. मोर्चात ते नव्हतेच. ऑफिसातून घरी येत होते, समोरून अश्रुधुराने पांगलेला जमाव आला, त्यात पडले आणि फूटपाथच्या दगडावर डोकं आपटलं. शुद्धीवर आले तेव्हा तोंडात मराठी उरली नव्हती. बोललेली मराठी थोडीफार कळत असावी, पण स्वतः बोलायचे ते फ्रेंच. मराठीसाठी माणसं रस्त्यावर छातीवर गोळ्या झेलत होती आणि या गृहस्थाची मराठीच त्या गडबडीत कुठे सांडली होती.

"असं का होतं?" मी विचारलं.

"नक्की कुणालाच सांगता येणार नाही. आता घरी पाठवलंय. पण चाळीत लोक घाबरलेत, बाई. तुम्ही एकदा येऊन ऐका तरी."

मी पहिल्यांदा गेले ती दुपार अजून अंगावर येते. गिरण्या बंद होत्या. त्या भागात गिरण्यांची घरघर इतकी मुरलेली असायची की ती थांबली म्हणजे कानात बोटं घातल्यासारखं व्हायचं. पुरुषमाणसं सभेला गेलेली. लांबलचक गॅलरीत वाळत घातलेले कपडे हलत होते, आणि टोकाच्या दारातून स्वच्छ, ठाशीव फ्रेंच ऐकू येत होतं. ऐकणारं कुणी नव्हतं.

सावंत दाराशी लोखंडी खाटेवर बसले होते. डोक्याला पट्टी, दाढी नीट केलेली. मला पाहून त्यांनी मान लववली आणि फ्रेंचमध्ये म्हणाले, "आपलं कृपापत्र पावलं." त्यांच्या पत्नी इंदूवहिनींनी पाणी आणलं तर त्यांना म्हणाले, "कृपया शक्य तितक्या लवकर रवाना करावे." ते सगळं कंपनीच्या पत्रांतलं फ्रेंच होतं. पाणी मागायलाही त्यांच्याकडे दुसरी भाषा नव्हती. मला हसू येणार होतं, पण वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहून आलं नाही.

तेवढ्यात गॅलरीतून एक बाई डोक्यावर कळशी घेऊन आली. शेजारच्या खोलीतली पारूबाई, मालवणकडची. ठसठशीत कुंकू, हिरव्या बांगड्या. ती दारासमोर आली आणि सावंतांचा आवाज बदलला. तिच्याकडे नाही, तिच्या खांद्यावरून मागे कुठेतरी पाहत ते म्हणाले, "पोर्ते दिस्पारू."

पारूबाई थबकली, पदर सावरला आणि निघून गेली.

"ती दिसली की हे असंच म्हणतात," वहिनी कुजबुजल्या. "प्रत्येक वेळी. आणि समोरच्या खोलीतल्या आजोबांना. बाकी कुणाला नाही. बाई, पारूचा नवरा बोटीवर गेला तो दुसऱ्या महायुद्धात परतला नाही. आजोबांचा मुलगाही नाही. लोक म्हणतात, ह्यांच्या अंगात समुद्रात बुडालेला कुणी गोरा आलाय. ज्यांचं माणूस गेलंय त्यांच्या मागे ह्यांना ते माणूस उभं दिसतं."

'पोर्ते दिस्पारू' म्हणजे बेपत्ता असल्याचे कळते. मी अर्थ सांगितला, तर वहिनी जास्तच भ्याल्या.

ही गोष्ट चाळीबाहेर गेली होती. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा दारात एक अनोळखी बाई उभी होती. तिचा मुलगा मोर्चाला गेला तो घरी आला नव्हता. ती सावंतांसमोर नुसती उभी राहिली. सावंतांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. एक अक्षर बोलले नाहीत. तो शब्द आला नाही म्हणजे मुलगा जिवंत आहे, असं धरून बाई रडत, हसत गेली. संध्याकाळी पोलिसांनी मुलाला सोडलं. त्यानंतर त्या दारासमोरून जायला लोक बिचकू लागले आणि काही जणी मुद्दाम यायला लागल्या.

अंगात येण्यावर माझा विश्वास नव्हता. माझा विश्वास माझ्या पत्त्यांवर होता. मी ते घेऊन गेले आणि सावंतांना खूण समजावली. शब्द खरा असेल तर खाटेच्या कडेवर बोट आपटायचं.

'बंदर' आणि त्याचं सगळं गणगोत, बोट लगेच. 'माल', 'विमा', 'उशीर', लगेच. 'मेझों' म्हणजे घर. त्यावरही बोट आपटलं आणि मी खूश झाले, तर त्यांनी कंपनीचं नाव घेतलं. व्यापारी फ्रेंचात पेढीलाही मेझोंच म्हणतात. मग मी 'फाम' काढला. बायको. इतका साधा शब्द की माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलींना झोपेत येईल. सावंत पाहत राहिले. बोट हललं नाही. 'आई' नाही, 'मुलगा' नाही. कंपनीच्या पत्रांत बायको आणि आई कशाला येतील?

वहिनी मागून पाहत होत्या. "कुठला शब्द होता तो?"

"अवघड होता," मी म्हटलं.

मग मी 'दिस्पारू'च्या घराण्याकडे वळले. त्याचं मूळ 'पारेत्र', म्हणजे दिसणं. त्याचाच भाऊबंद 'आपारेत्र', प्रकट होणं. ही दोन्ही पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून नेहमी भेटणारी. माझ्या नियमाप्रमाणे आधी ती ओळखायला हवी होती. 'पारेत्र'वर काही नाही. 'आपारेत्र'वर कपाळाला आठी. आणि 'दिस्पारू'चा पत्ता मी अजून पुरता उलटलाही नव्हता, तर बोट आपटलं. मुळाची ओळख नाही आणि फांदी मात्र स्वतःच्या नावासारखी पाठ.

कुळाचा आधार नसताना एखादा शब्द एवढा तयार असतो तो एकाच कारणाने. माणसाने तो एकटाच, पुन्हा पुन्हा वापरलेला असतो. कोणत्या कारकुनाला 'बेपत्ता' हा शब्द एवढ्या वेळा लिहावा लागतो?

मी पिशवीतून कोरे पत्ते काढले आणि दोन शब्द तिथल्या तिथे लिहिले. पहिला 'नोये', बुडालेला. बोट आपटलं, पण हळू, आणि तिथेच राहिलं. दुसरा 'देसेदे', मृत. सावंतांनी बोट आपटलं नाही. हात पुढे करून माझ्या हातातला पत्ता घेतला आणि खाटेवर पालथा ठेवला. वर तळहात दाबून धरला.

जिना उतरताना मी वहिनींना विचारलं, लढाईच्या वेळी सावंत कसे होते?

त्या पायरीवर थांबल्या. मग म्हणाल्या, "ऑफिसातून आले की आधी नळावर जायचे. डोक्यावरून आंघोळ करूनच घरात पाऊल. मुलं शिवायला गेली तर ओरडायचे. मला वाटायचं, शाईचे हात असतील."

मौतीची बातमी ऐकून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय घरात येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि उरलेल्या पायऱ्या उतरलो.

पुढच्या खेपेला पारूबाईने मला नळापाशी गाठलं.

"बाई, माका बघल्यार भावजी काय म्हणतत ता तुमका कळता. माका कळूक नको?"

"बेपत्ता, असा अर्थ आहे."

"ता माका तेवाच कार्डात लिवन इला होता." तिने कळशी खाली ठेवली. "मगे ता म्हणताना भावजी कापतत कित्याक?"

मला उत्तर माहीत होतं असं वाटत होतं. पण डोक्याला मार बसलेल्या माणसाच्या बोटावरून एका बाईचं कुंकू पुसायचा मला काय अधिकार? मी म्हटलं, "त्यांना मराठी येऊ दे. तेच सांगतील."

"मगे येवंदेत. मी वाट बघतंय."

त्या दिवसापासून मी सावंतांना पुन्हा मराठी शिकवायला घेतलं आणि ती शिकवणीला येऊन बसू लागली. सावंतांसाठी पेज आणायची आणि भिंतीला टेकून बसायची. ते तिच्या मागे पाहून तोच शब्द म्हणत आणि ती मान हलवायची, पुढे चला म्हटल्यासारखी.

मी नियम उलटा केला. त्यांचा जो शब्द सर्वांत पक्का होता तिथूनच सुरुवात. 'दिस्पारू' म्हणायचं आणि लगेच मराठीत 'बेपत्ता'. किती दिवस गेले ठाऊक नाही, एका दुपारी सावंत म्हणाले, "बेपत्ता." ती त्यांची पहिली मराठी. त्यामागून 'पत्ता' आला, मग 'मुक्काम', 'पोस्ट', 'तालुका'. कार्डांची भाषा. कंपनीच्या बोटींवरच्या खलाशांच्या कोकणातल्या घरांना मराठीत कार्डं लिहायचं कामही त्यांचंच होतं. एकेक शब्द आपले नातेवाईक हाताला धरून आणत होता. मग एकदा वहिनी चहा घेऊन आल्या तर त्यांच्याकडे पाहून सावंत म्हणाले, "सौभाग्यवती." थोड्या वेळाने, "सौभाग्यवती इंदिराबाई." वहिनींनी तोंडाला पदर लावला. नवऱ्याने बायकोला कार्डाच्या मायन्याने हाक मारली होती, पण हाक मारली होती.

त्याच दिवशी वहिनींनी मला जिन्यात थांबवलं. "बाई, एवढं पुरे झालं. आता नका शिकवू."

"का वहिनी?"

"त्यांना माझं नाव आलं. मला आणखी काही ऐकायचं नाही. पारूशी मी रोज एका नळावर पाणी भरते, बाई."

मी जाणं थांबवलं. हरताळाचं निमित्त होतंच. पण माझ्या जाण्या न जाण्याने काही होणार नव्हतं. भाषेला वाट सापडली होती. आठवड्याभराने डॉक्टर कर्णिक म्हणाले, सावंत आता लहान लहान वाक्यं बोलतात, आणि तुमची आठवण काढतात. मी गेले. दुपारच होती आणि गिरण्या पुन्हा बंद होत्या.

खाटेवर सावंत ताठ बसलेले. वहिनी चुलीपाशी पाठ करून. माझ्यामागून पारूबाई भरली कळशी घेऊन आली आणि नेहमीप्रमाणे दारात थांबली. ते पहिल्यांदाच तिच्या मागे न पाहता सरळ तिच्या तोंडाकडे पाहत होते. ओठ हलले, पण फ्रेंच आलं नाही.

"गंगाभागीरथी," ते म्हणाले. "गंगाभागीरथी पार्वतीबाई यांस."

विधवेच्या नावामागे लिहायचा तो शब्द. इतका क्वचित तोंडी येणारा की त्यांनी तो बहुधा आयुष्यात प्रथमच उच्चारला असेल. पण एकदाही न अडखळता उच्चारला.

"कोण गंगाभागीरथी?" पारूबाईने विचारलं.

"तुम्ही."

"कधीपासून?"

"दुसरं पत्र आलं तेव्हापासून. पहिलं, बेपत्ता. ते कळवलं. मग दुसरं. तुमच्या धोंडूचं, आणि बोटीवरच्या सगळ्यांचं. बुडाले. मी कार्ड घेतलं. 'सौ.' लिहिलं. खोडायचं होतं. पेन चालेना." ते एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखे काढत होते. "एकालाही नाही लिहिलं. म्हटलं, उद्या लिहू."

वहिनी वळल्या नाहीत. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

पारूबाईच्या चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही. तिने इकडे तिकडे पाहिलं, जणू काय करायचं असतं ते आठवत होती. "माका न्हाऊक व्हया," असं म्हणाली, आणि डोक्यावरची कळशी दोन्ही हातांनी उचलून तिथेच, गॅलरीत, लुगड्यासकट स्वतःवर ओतली. पाणी थेट आमच्या पायांपर्यंत आलं. कुंकू नाकावरून ओघळलं. तिने ते पुसलं नाही आणि राखलंही नाही. रिकामी कळशी घेऊन ती आपल्या खोलीत गेली. दार लावल्याचा आवाज आला. रडण्याचा आला नाही. आम्ही कितीतरी वेळ त्याची वाट पाहत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी घाबरत घाबरत गेले. पारूबाई सावंतांच्या खाटेपाशी जमिनीवर बसली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे, गळा मोकळा. शेजारी पेजेचं भांडं. ती म्हणत होती, "खावा. मगे बाकीची नावां सांगा. सगळी."

सावंतांना सगळी पाठ होती. गाव, वाडी, घरधनीण. ते एकेक नाव घेत आणि ती "हूं" म्हणे. समोरचे आजोबा काठी टेकत दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्या मुलाचं नाव आलं तेव्हा त्यांनी काठी भिंतीला लावली आणि खाली बसले. कुणीही थांबलं नाही. मला वाटलं होतं लोक सावंतांना शिव्या देतील. काहींनी नंतर दिल्याही. वहिनींशी नळावर बरेच दिवस कुणी बोलत नसे. पण त्या दुपारी चाळीत फक्त नावं आणि "हूं" एवढंच ऐकू येत होतं.

सावंतांची मराठी पुढे बरीचशी परत आली. फ्रेंच मात्र ज्या वेगाने मराठी आली त्याच वेगाने गेलं. महाराष्ट्र झाल्यावर पेढे घेऊन गेले होते तेव्हा मी गमतीने 'बोंझूर' म्हटलं, तर ते परक्यासारखे पाहत राहिले. मी 'दिस्पारू' म्हणून पाहावं की नाही, असं क्षणभर मनात आलं. नाही म्हटलं. माझा 'मुळावरून फांदी'चा नियम मी वर्गात पुढेही सांगत राहिले, पण त्यानंतर कधी छातीठोकपणे सांगितला नाही.

पारूबाई त्या सगळ्या घरी कळवायला कोकणात निघाली तेव्हा तिला पोचवायला मी भाऊच्या धक्क्यावर गेले होते. बोटीला गर्दी होती. तिच्याकडे एक गाठोडं होतं, आणि ती मनातल्या मनात नावं म्हणत होती, ओठ हलत होते. इतकी घरं, इतक्या वर्षांनी. मला राहवलं नाही.

"पारूबाई, कसं सांगणार हो त्यांना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मास्तरीण असून इतकं साधं विचारावं याचं तिला नवल वाटलं असावं.

"तेच्यात सांगूचा काय?" ती म्हणाली. "माका बघल्यार तेंका कळतला."

मग गाठोडं काखेत मारून ती फळीवरून बोटीत चढली.